सिनेमातल्या हेराची एरियल कुठे असते?

युद्धपटात हेराचा ट्रान्समीटर दिसला की माझी नजर आधी खिडकीकडे जाते. पोटमाळा असतो, मिणमिणता दिवा असतो, सूटकेस उघडते, काटे थरथरतात, नायक कपाळाला आठ्या घालून बटणं फिरवतो. पण त्या सेटमधून निघून कुठेतरी वर गेलेली तार काही दिसत नाही. तारेशिवाय तो सेट म्हणजे खोली गरम करणारी पेटी.

मी हौशी रेडिओवाला आहे, ज्याला हॅम म्हणतात तो. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मी वीस मीटर तांब्याची तार ताणली, तेव्हा दुसऱ्याच दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. "कपडे वाळत घालायला आहे का रे? मग एवढी उंच कशाला बांधलीस?" शांततेच्या काळात, सरकारी परवाना खिशात असताना वीस मीटर तार लपत नाही. १९४३ च्या पॅरिसमध्ये ती लपवायची होती.

नूर इनायत खान हिच्या चरित्रांत याच तारेचा एक प्रसंग येतो. नूर ब्रिटनच्या 'एसओई' या गुप्त संघटनेची वायरलेस ऑपरेटर होती. तिचे वडील हजरत इनायत खान बडोद्याचे. तिथल्या संगीतशाळेचे संस्थापक मौलाबक्ष यांचे ते नातू. पॅरिसला लागून असलेल्या न्यूईमध्ये ती राहत होती आणि आजूबाजूला जर्मन अधिकाऱ्यांची घरं होती. एका संध्याकाळी ती खिडकीबाहेरच्या झाडावर तार टाकायची खटपट करत होती. एक जर्मन अधिकारी आला आणि म्हणाला, मी मदत करू का? त्याला वाटलं, पोरीला रेडिओवर गाणी ऐकायची असतील. ती हो म्हणाली. त्यानं तार नीट अडकवून दिली, तिनं आभार मानले. हा प्रसंग पटकथेत लिहिला असता तर दिग्दर्शकानं 'कोणाला पटणार हे' म्हणून कापला असता.

आता सूटकेसकडे येऊ. सिनेमातली नायिका ती एका हातात घेऊन टाचा वाजवत स्टेशनातून चालत जाते. एसओईचा सगळ्यात माहितीतला सेट 'बी-टू' नावानं ओळखला जातो. त्यात रिसीव्हर, ट्रान्समीटर, वीजपुरवठ्याची पेटी आणि सुट्या भागांचा डबा असं सगळं मिळून वजन भरायचं सुमारे १५ किलो. धान्याची पंधरा किलोची पिशवी सहज उचलल्यासारखी दाखवत चालून बघा, खांदा आपोआप एका बाजूला झुकतो. रस्त्यावरचा पोलीस नेमकं तेच बघायचा. नूरलाच एकदा पॅरिसच्या भुयारी रेल्वेत जर्मन सैनिकांनी 'यात काय आहे' म्हणून विचारल्याचं सांगतात. तिनं सूटकेस जराशी उघडून दाखवली आणि सांगितलं, सिनेमाचं यंत्र आहे, हे बघा दिवे. ते दिवे म्हणजे रेडिओचे काचेचे व्हॉल्व्ह होते. सैनिकांनी मान हलवली. आपल्याला यंत्रातलं कळत नाही हे कबूल करायची लाज कधी कधी दुसऱ्याचा जीव वाचवते.

या १५ किलोंतून हवेत जाणारी ताकद किती? साधारण २० वॅट. जुन्या चाळीसच्या पिवळ्या बल्बच्या निम्मी. एवढ्यावर फ्रान्समधून इंग्लंडला कसं पोचायचं?

इथे आपल्याकडचं उदाहरण सोपं पडेल. ज्यांच्या घरी रेडिओ सिलोन लागायचा त्यांना आठवत असेल की कोलंबो मुंबईपासून सुमारे दीड हजार किलोमीटरवर, तरी गाणी ऐकू यायची. मात्र आवाज लाटेसारखा वर-खाली व्हायचा आणि ऐन अंतऱ्याला बुडायचा. कारण त्या लहरी जमिनीवरून चालत येत नव्हत्या. आकाशात शंभर ते काही शे किलोमीटर उंचीवर हवेचा विद्युतभारित थर आहे, आयनांबर. शॉर्टवेव्हच्या लहरी त्याच्यावरून परावर्तित होऊन खाली येतात. तो थर सूर्यावर जगतो. दिवसा दाट, रात्री विरळ. त्यामुळे दुपारी चालणारी फ्रिक्वेन्सी रात्री थरातून आरपार निघून जाते आणि खालची फ्रिक्वेन्सी घ्यावी लागते. पॅरिस-लंडन अंतर जेमतेम साडेतीनशे किलोमीटर, तेही अडचणीचं. फ्रिक्वेन्सी थोडी जास्त घेतली तर लहर लंडनच्या डोक्यावरून उडी मारून पलीकडे पडणार. म्हणजे हेराला 'लंडन ऐकू येत नाही' असं होतं तेव्हा दर वेळी मागे शत्रूच असतो असं नाही. बऱ्याचदा सूर्य असतो. सिनेमात मात्र नायक सेटच्या कडेला दोन चापट्या मारतो आणि संपर्क सुरू होतो.

आणि हा संपर्क बोलून नव्हताच. हातात माईक घेऊन 'लंडन, लंडन, मी अमुक बोलतोय' हे जवळपास कायम चूक. मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची तारेची लिपी, वापरायचं कारण नुसतं गुप्ततेचं नाही, ते आधी पाण्याच्या नळीचं आहे. बागेत पाणी घालताना नळीच्या तोंडावर बोट दाबलं की त्याच पाण्याची धार लांब जाते. बोलणं हवेत पाठवायचं तर ताकद फ्रिक्वेन्सीच्या रुंद पट्ट्यात पसरते. मोर्समध्ये सगळी ताकद एका बारीक रेषेत जाते, आणि खरखरीतही ती रेषा सरावलेल्या कानाला सापडते. वर बोलणं लपवता येत नाही. मोर्सनं जाणारी अक्षरं आधी कागदावर हवी तशी गुंडाळता येतात, म्हणजे सांकेतिक करता येतात.

सेटच्या 'टिटि-टी'नं अख्खी खोली दुमदुमते, तेही सिनेमातच. ऑपरेटरच्या कानाला हेडफोन असायचे. खोलीत ऐकू यायची ती फक्त मोर्सची खटकी, म्हणजे 'की', दाबल्याची कट्ट-कडकट्ट, आपल्या तारऑफिसात यायची तशी. (आणि ते 'ओव्हर अँड आउट'! 'ओव्हर' म्हणजे माझं झालं, आता तुम्ही बोला. 'आउट' म्हणजे माझं झालं, आता बोलू नका. दोन्ही एकत्र म्हणणं म्हणजे पाहुण्याला 'या, बसा' म्हणत दार लावून घेणं. हिंदी असो की हॉलिवूड, या बाबतीत सगळे भाऊ-भाऊ.)

पण माईक, एरियल, टिटि-टी या तशा किरकोळ चुका. मला सिनेमाचं खरं खटकतं ते वेळेचं गणित. पडद्यावर रेडिओ हा फोन असतो: नायक विचारतो, लंडनचा साहेब पाइप बाजूला ठेवून तिथल्या तिथे परवानगी देतो. प्रत्यक्षात तो फोन नव्हता, पोस्ट होतं. प्रत्येक ऑपरेटरला ठरलेले वार, ठरलेली वेळ, ठरलेली फ्रिक्वेन्सी. फ्रिक्वेन्सी ठरायची क्वार्ट्झच्या छोट्या क्रिस्टलवरून. ती चिमुकली डबी हरवली की १५ किलोंचा सेट मुका. पलीकडे बकिंगहॅमशायरमधल्या ग्रेंडन अंडरवूड इथल्या केंद्रात विशी-पंचविशीतल्या मुली हेडफोन लावून बसायच्या. त्या नुसती अक्षरं उतरवून घ्यायच्या. अर्थ त्यांना माहीत नसायचा. मग तो कागद उलगडणाऱ्यांकडे, तिथून टेलिप्रिंटरनं लंडनला बेकर स्ट्रीटवरच्या एसओईच्या मुख्यालयात, तिथे विचारविनिमय, मग उत्तर तयार, मग ते गुंडाळणं, आणि मग पुढच्या ठरलेल्या वेळेला प्रक्षेपण. 'पूल उडवू का?' हे विचारून उत्तराची वाट बघत पुलाखाली कोणी बसत नव्हतं.

गुंडाळणं म्हणजे काय, ते करूनच बघू. एसओईच्या हेराला सुरुवातीला एक कविता पाठ करायला देत. त्यातले काही शब्द निवडायचे, ते किल्ली. आपण एकच शब्द घेऊ, 'जलतरंग'. पाच अक्षरं. वर्णमालेच्या क्रमानं त्यांना आकडे द्यायचे: ग पहिला, ज दुसरा, त तिसरा, रं चौथा, ल पाचवा. निरोप असा: 'उद्या रात्री दोन विमाने पाठवा शेतात'. किल्लीखाली पाच-पाच अक्षरांच्या ओळी मांडू:

ज – ल – त – रं – ग
२ – ५ – ३ – ४ – १
उ – द्या – रा – त्री – दो
न – वि – मा – ने – पा
ठ – वा – शे – ता – त

आता आकड्यांच्या क्रमानं एकेक उभी रांग वाचायची. आधी 'ग'खालची, मग 'ज'खालची, असं. हाती येतं: दोपातउन ठरामाशेत्री नेताद्याविवा. पाच-पाचचे गट पाडायचे आणि हे सगळं दुसऱ्या किल्लीनं पुन्हा एकदा करायचं. मग पाठवायचं.

आता हे थंडीत, भुकेल्या पोटी, जिन्यावर पावलं वाजत असताना, चौकटीच्या कागदावर करा. एक रांग चुकली, कवितेतल्या शब्दाचं स्पेलिंग चुकलं, की लंडनला पोचतो तो कचरा. आणि कचरा पोचला की पूर्वी उत्तर जायचं: पुन्हा पाठवा. याच दोन शब्दांवर एसओईच्या सांकेतिक विभागात १९४२ मध्ये आलेला बाविशीच्या आतबाहेरचा लिओ मार्क्स उखडला होता. हेराला पुन्हा की दाबायला लावणं म्हणजे त्याला पकडून देणं, असं त्याचं म्हणणं. त्यानं मुलींची फौज कामाला लावली. चुकलेला निरोप हजारो तऱ्हांनी उलगडून बघायचा, पण परत मागायचा नाही. कवितेचा दुसरा धोका त्याला दिसत होता. कविता डोक्यात असते, आणि छळ केला की डोक्यातलं बाहेर येतं. प्रसिद्ध कविता असेल तर छळाचीही गरज नाही, शत्रूकडेही पुस्तकं असतात. म्हणून त्यानं रेशमाच्या कापडावर छापलेल्या तयार किल्ल्या आणल्या. एक वापरली की कापायची, जाळायची. पाठच नाही तर सांगणार काय? आणि रेशीम अशासाठी की अंगझडतीत अस्तराखाली कागदासारखं कुरकुरत नाही.

रेशमाचा आणखी एक फायदा झाला. कवितेच्या पद्धतीत निरोप फार छोटा असेल तर तो फोडणं शत्रूला सोपं जातं, म्हणून निदान २०० अक्षरं भरायचा दंडक होता. मिनिटाला १५ शब्द हा वेग धरला, तर २०० अक्षरांना तीन मिनिटांच्या आत-बाहेर. त्यात हाक मारणं, 'ऐकू येतंय का' विचारणं, गाळलेले गट पुन्हा देणं. नवीन किल्ल्यांनी याहून पुष्कळ कमी अक्षरांतही काम भागू लागलं. ऑपरेटरच्या आयुष्यातला हा फरक कुठल्याही पिस्तुलापेक्षा मोठा होता.

कारण ऐकणारे कान दोन्हीकडे होते. आयनांबराला देश कळत नाही. जी लहर ग्रेंडनला उतरते तीच जर्मन केंद्रांवरही उतरते. दूरची दोन-तीन केंद्रं दिशा मोजत आणि नकाशावर रेषा ओढत. त्या जिथे छेदतात तिथला भाग कळायचा, घर नाही. मग बंद गाड्या त्या भागात फिरायच्या आणि शेवटच्या गल्लीत कोटाखाली यंत्र बांधलेला माणूस चालत जायचा. सिनेमात नायकानं की दाबली की दुसऱ्या मिनिटाला गाडी दारात. खऱ्या गाडीला ऑपरेटरच्या सवयी लागायच्या: तेच घर, तीच वेळ, लांबलचक निरोप. एक युक्ती मात्र सिनेमाच्या वरताण होती. जर्मन एकेका वस्तीची वीज तोडत. इथली वीज गेली आणि मोर्स थांबलं, म्हणजे घर इथलंच! म्हणून शहाणा ऑपरेटर सहा व्होल्टच्या बॅटरीवर सेट चालवायचा. महावितरणवर आपण कितीही चिडलो तरी तिची कृपा एवढी भेदक नसते.

गंमत म्हणजे नूरला गाडीनं पकडलंच नाही. जून १९४३ मध्ये ती फ्रान्समध्ये उतरली, काही दिवसांतच तिच्या जाळ्यातले बहुतेक जण पकडले गेले, आणि ती घरं बदलत एकटी निरोप पाठवत राहिली. ऑक्टोबरच्या मध्यावर कोणीतरी पैशासाठी तिचा पत्ता विकला.

ऐकण्यात धोका फार कमी, पाठवण्यात सगळा. हे सूत्र ज्यानं नीट वापरलं तो जॉर्ज बेगे, मे १९४१ मध्ये फ्रान्समध्ये उतरलेला एसओईचा पहिला ऑपरेटर. त्याची सूचना अशी की लंडनला जे सांगायचंय ते बीबीसीवरून सगळ्यांसमोर सांगा, घरगुती निरोप असल्यासारखं. 'मावशीचा पोपट बरा आहे' छापाचं वाक्य लाखो लोक ऐकतील, अर्थ एकालाच कळेल, आणि त्याला की दाबायलाच नको. ही गोष्ट युद्धपटांत बहुधा बरोबर असते. त्याचं श्रेय त्यांना देऊ.

बोलण्याचा अपवादही होता. 'एस-फोन' नावाचं छातीवर बांधायचं यंत्र होतं. त्यावर शेतात उभा माणूस वर घिरट्या घालणाऱ्या विमानाशी खरोखर बोलू शकायचा. त्याची फ्रिक्वेन्सी इतकी वरची होती की लहर सरळ रेषेत जायची, आणि थोडं लांबच्या जमिनीवरच्या कानाला ती पोचतच नसे. तेव्हा पडद्यावर माईक दिसला तर लगेच हसू नये, आधी वर विमान आहे का बघावं.

आपल्या मुंबईत आवाज वापरला तो वेगळ्या कारणानं. २७ ऑगस्ट १९४२ ला 'काँग्रेस रेडिओ' सुरू झाला. बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सहकारी ४२.३४ मीटरवर बोलत होते. मीटरचं मेगाहर्ट्झ केलं तर सात आणि थोडं वर. आम्ही हॅम लोक आजही संध्याकाळी त्याच परिसरात गप्पा मारतो. त्यांचा श्रोता एक हेर नव्हता, लोक होते, म्हणून मोर्स चालणार नव्हतं. पण सवयींचा धोका तोच, म्हणून जागा सतत बदलायच्या. १२ नोव्हेंबरला पोलीस आत आले. तिथेही आतल्या माणसानं फोडल्याचंच सांगतात.

गोव्याची कथा तर सिनेमातही गेली. मुरगाव बंदरात, तटस्थ पोर्तुगीज पाण्यात, एरेनफेल्स हे जर्मन जहाज युद्धाच्या सुरुवातीपासून अडकून होतं. दोस्तांच्या जहाजांची खबर त्यावरून पाणबुड्यांना जाते असा एसओईचा संशय होता. मार्च १९४३ मध्ये कलकत्ता लाइट हॉर्स या राखीव घोडदळ पलटणीची पोटं सुटलेली, नोकरी-धंद्यातली मंडळी एका जुन्या बोटीत बसून समुद्रमार्गे गोव्यात आली आणि रात्री त्या जहाजावर चढली. १९८० च्या 'द सी वूल्व्ह्ज'मध्ये हेच आहे, चित्रीकरणही गोव्यातलं. त्यातला प्रेमप्रकरणाचा मसाला सोडा. रेडिओवाल्याच्या नजरेनं मूळ कल्पना पोटमाळ्यापेक्षा पटणारी आहे. जहाजाला उंच डोलकाठ्या, म्हणजे एरियल फुकट. वीज स्वतःची. आणि पाणबुडीनं उत्तर द्यायची गरज नाही, तिनं नुसतं ऐकायचं.

आता सगळ्यात नाट्यमय भाग, जो पडद्यावर क्वचितच येतो. जुने तारमास्तर पलीकडे कोण बसलाय ते ठोक्यावरून ओळखायचे. बंद दाराआडून तबल्याचा ठेका ऐकून हात ओळखावा तसं. ग्रेंडनच्या मुलींनाही आपापल्या हेराचा हात ठाऊक असायचा. त्याशिवाय प्रत्येक हेराला एक खूण दिलेली असायची, ठरलेल्या जागी मुद्दाम करायची एखादी चूक. ती चूक झाली नाही तर समजायचं, मानेवर पिस्तूल आहे. पुढेपुढे खुणा दोन झाल्या: एक छळ झाला की सांगून टाकायची, दुसरी कधीच न सांगायची.

६ मार्च १९४२ ला हेगमध्ये हुब लावर्स हा डच ऑपरेटर पकडला गेला. जर्मनांनी सांगितलं, निरोप पाठवत राहा. तो तयार झाला, कारण खूण गाळली की लंडनला कळेलच अशी त्याची खात्री. त्यानं खूण गाळली. लंडननं उत्तर दिलं, जणू काहीच झालं नाही. पुढे त्यानं निरोपाच्या भरताडाच्या, म्हणजे लांबी भरायला घातलेल्या निरर्थक, अक्षरांत 'पकडलोय' या अर्थाचा इंग्रजी शब्दसुद्धा तोडून घुसवला. तरी लंडन नवे हेर पाठवत राहिलं. विमानातून उतरणाऱ्या माणसाचं स्वागत करायला शेतात जर्मन उभे. असे पन्नासहून जास्त जण हाती लागले आणि बहुतेकांना ठार केलं गेलं. फ्रान्समध्ये गिल्बर्ट नॉर्मन या पकडलेल्या एसओई ऑपरेटरच्या नावानं जर्मनांनी निरोप पाठवला. त्यात दुसरी खूण नव्हती. लंडननं काय कळवावं? तू दुसरी खूण विसरलास, पुढच्या वेळी काळजी घे. वाचणारे जर्मन होते. दुसरी खूण असते हे त्यांना त्या उत्तरातून कळलं.

नूरच्या अटकेत तिची वही सापडली. पाठवलेले सगळे निरोप तिनं जपून ठेवले होते. ती गप्प राहिली, वही बोलली. तिच्या नावानं प्रक्षेपण चालू राहिलं आणि त्यावर विसंबून आणखी माणसं उतरली. १३ सप्टेंबर १९४४ ला डाखाऊच्या छावणीत तिला गोळी घातली. ती तीस वर्षांची होती.

हॉलंडमधला खेळ संपला तो दोन डच कैदी तुरुंगातून पळून स्वित्झर्लंडला पोचले म्हणून. लंडनला शंका येऊ लागली, निरोप पोकळ होत गेले. ते ओळखून जर्मन अधिकारी हेरमान गिस्केसनं १ एप्रिल १९४४ ला, ऑपरेटरांच्या त्याच ठरलेल्या फ्रिक्वेन्सींवरून, एसओईच्या डच विभागाच्या साहेबांना नावानिशी शेवटचा निरोप पाठवला. आमच्या मदतीशिवाय हॉलंडमध्ये परस्पर धंदा करू पाहताय असं दिसतं, पण कधीही या, आधीच्या लोकांसारखंच तुमचं स्वागत होईल, अशा अर्थाचा. त्यासाठी किल्ली नव्हती, खूण नव्हती. साध्या इंग्रजीत, अक्षरामागून अक्षर.